आंबट खावंसं वाटतंय

आमचं घर एका दिवसात गप्प झालं नाही. आधी मुलगा पुण्याला कारखान्यात लागला तेव्हा निम्मं झालं, मग मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि उरलेला आवाजही तिच्या ट्रंकेतून गेला. नव्वद सालानंतरची ती वर्षं. तासगावात आमच्या घरात तेव्हा एवढी शांतता होती, की चार मैलांवरच्या शेडमध्ये बेदाणा सुकताना चुरचुरतो तो मला अंथरुणातून ऐकू यायचा. तुम्हाला खोटं वाटेल. बायकोलाही वाटायचं. पण ती त्यावर काही बोलायची नाही, आणि माझी खरी तक्रार तीच होती. पोरं होती तेव्हा माझ्या प्रत्येक थापेला घरात तिघंजण आडवे यायचे. आता थाप मारली की ती भिंतीला लागून परत माझ्याच पायाशी पडायची.

मी बेदाण्याच्या अडत दुकानात होतो. सौद्याच्या दिवशी माल मांडला की व्यापाऱ्यांपुढं त्याचं वर्णन करायचं, हे माझं काम. माल हिरवा असला तर मी म्हणायचो, "पोपट बघून गेला काल, घरी जाऊन रंग बदलून आला." दाणा लांब असला तर, "एकट्यानं खाऊ नका, दोघांत एक घ्या." व्यापारी हसायचे आणि हसता हसता बोली चढवायचे. वीस वर्षं हे केल्यावर जिभेला वळण लागतं. कुणी काही विचारलं, की आहे त्याच्या दीडपट सांगायचं. आणि उत्तर ठाऊक नसलं, तर दुप्पट.

घरात मात्र कुणी काही विचारतच नव्हतं. "चहा?" "ठेव." "मीठ?" "बरं हाय." एवढ्यावर आमचा अख्खा दिवस निघायचा. मुलगा आधी दर पंधरवड्याला यायचा, मग सणाला, मग सणाला त्याचं पत्र यायला लागलं. तो आला की झोपायचा, उठला की जेवायचा, आणि आईनं धुतलेले कपडे बॅगेत घालून निघायचा. तो गेल्यावर दोन दिवस बायको एक भाकरी जास्त थापायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ताटात पडायची.

अशात चैत्रातल्या एका दुपारी, दोनच्या उन्हात, मुलगी दारात उभी राहिली. एकटी. हातात भली मोठी बॅग.

"अगं, कळवायचं तरी. स्टँडवर आलो असतो," मी म्हणालो.

"कशाला? वाट विसरले न्हाई मी."

"जावई?"

"हायत."

एवढंच. सौद्यात व्यापारी मालाला हात लावून काही न बोलता पुढं जातो, तसं ते उत्तर होतं. "हायत" म्हणजे काय? माणूस आहे, एवढंच?

मला वाटलं होतं, लेक आली, आता घर बोलायला लागेल. झालं उलटंच. आमच्या दोघांची शांतता जुनी, वापरातली होती. तिनं साताऱ्याहून नवी कोरी आणली. सकाळी उठून ती स्वच्छ भांडी पुन्हा घासायची. परसातली धुण्याची शिळा तिनं इतकी खरवडली की शिळा दोन इंच खाली गेली असावी. आई काही विचारायला गेली की ती नळ मोठा करायची.

आमच्याकडं लेक माहेरी आली की तीन-चार दिवस राहते. मग आई तिची ओटी भरते, तांदूळ, नारळ, खण, आणि तिला गाडीत बसवून देतात. ओटी भरली म्हणजे, बाई, आता निघ. हे तोंडानं कुणी म्हणत नाही, नारळ म्हणतो. चौथ्या दिवशी बायकोनं नारळ आणून फळीवर ठेवला. मुलीनं तो पाहिला. पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी दुपारी जेवायला बसलो, तर ताटात खोबऱ्याची चटणी.

मी फळीकडं पाहिलं. फळी मोकळी होती. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मुलगी खाली मान घालून भाकरी मोडत होती.

"तिखट झालीय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्या चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, पण तिखटानं नव्हे.

त्या दिवसापासून आमच्या दोघांत भांडण लागलं. कुजबुजत भांडायचं, हा प्रकार आम्ही जन्मात पहिल्यांदा केला.

"तुमी इचारा."

"तू आई हायस. तू इचार."

"मला सांगत न्हाई ती. तुमी जगाशी बोलतासा, लेकीशी बोला की."

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि तिला वडूजच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगून आलो. दुसऱ्यांदा उंब्रजच्या. दोन्ही वेळा तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून काय, आबा?" मी म्हणालो, "काय न्हाई."

घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं. गल्ली मात्र विचारणारच. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहिनी, म्हणजे त्यांचे यजमान माझे मित्र म्हणून वहिनी, या गल्लीच्या आकाशवाणी होत्या. फरक इतकाच, की आकाशवाणी रात्री बंद व्हायची. नवव्या दिवशी त्यांनी मला पाणी भरताना गाठलं.

"भावजी, लेक लय दिवस ऱ्हायली औंदा?"

"जावई ट्रेनिंगला गेलाय," मी म्हणालो. "हैदराबादला. कंपनीनं पाठवलंय. विमानानं."

"आगं बया! मंगळवारी तर आमच्या धाकटीनं त्येला मंडईत बघितलं. मेथी घेत हुता."

त्यांची धाकटी बहीण साताऱ्यात, आमच्या जावयाच्याच पेठेत दिलेली होती. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी विमान उडवलं होतं. आता वहिनी कळशी खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून माझ्याकडं पाहात होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न स्पष्ट दिसत होता: मग टाकली का लेकीला? तो प्रश्न त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत त्याच्या वाटेत काहीतरी टाकणं भाग होतं. मी हाताला आलं ते टाकलं.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं, वहिनी. ऊन सोसंना तिला. आन् सारखं आंबट खावंसं वाटतंय."

बस्स. शपथेवर सांगतो, यापेक्षा एक अक्षर जास्त बोललो नाही. पण लग्न झालेल्या लेकीला आंबट खावंसं वाटतंय, याचा आमच्या मुलखात एकच अर्थ होतो. वहिनींचे डोळे मोठे झाले.

"व्हय? कितवा?"

मी हसलो आणि ओठावर बोट ठेवलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तोंडानं जेवढ्या थापा मारल्या, त्या सगळ्या मिळून जेवढा घोटाळा झाला नाही तेवढा त्या एका बोटानं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कैऱ्या आल्या. मग चिंच. मग कुणाच्या तरी घरचं आवळ्याचं लोणचं. दुपारपर्यंत एवढं आंबट जमलं की घरातली पितळेची भांडी नुसत्या वासानं चकचकीत झाली. "एवढ्या कैऱ्या कुणी दिल्या?" मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "औंदा पीक लय आलंय." ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहात राहिली.

बायकोनं मला परसात नेलं.

"काय बोललासा तुमी?"

"कुणाशी?"

"अख्ख्या गल्लीशी! बाया चिंचा घेऊन दारात उभ्या ऱ्हात्यात."

"मी निस्तं म्हटलं, आंबट..."

तिनं डोळे मिटले. मग हळू आवाजात जे सांगितलं ते तिला त्याच पहाटे, धुणं पिळता पिळता, मुलीनं सांगितलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, दोघांत दोष नाही, थांबा. सासू थांबायला तयार नव्हती. दर महिन्याला सगळी जेवायला बसली की ती विचारायची, "ह्या बी महिन्याला न्हाईच का?" दिरासमोर, सासऱ्यासमोर. आणि जावई ताटाकडं बघत जेवत राहायचा. गेल्या वेळी मुलीनं त्याला म्हटलं, "एकदा तरी आईला गप ऱ्हा म्हणा." तो म्हणाला नाही. तिनं बॅग भरली.

"जवर तो आईशी बोलत न्हाई, तवर ती जायची न्हाई," बायको म्हणाली. "त्येच्यासाठी इथं बसलीय ती. वाट बघत. आन् तुमी गल्लीभर सांगितलं तिला दिवस गेल्यात म्हणून. हे साताऱ्याला कळलं तर तो येईल. पर पोटासाठी येईल. तिच्यासाठी न्हाई."



"जावा," ती म्हणाली. "तिला कळायच्या आत निस्तरा."

मी चप्पल न घालता वहिनींच्या दारात गेलो. त्यांच्याकडं त्याच संध्याकाळी चैत्राचं हळदीकुंकू होतं. ओसरीवर कैरीची डाळ वाटणं चाललं होतं.

"वहिनी, मी काल बोललो ते खोटं हुतं. तसलं काय न्हाई."

त्या हसल्या. वाटणाऱ्या बायकांकडं बघून पुन्हा हसल्या.

"झाकायलाच पायजे, भावजी. तीन म्हैनं कुणाला सांगू ने. नजर लागती."

"आवं, झाकत न्हाई. खरंच न्हाई."

"कळलं, कळलं. न्हाई म्हणायचं असतं तवर. मी काय परकी हाय का? आमच्या धाकटीला तेवढं फोनवर सांगितलं सकाळी. बाकी कुणाला बोलले न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् तुमी खोटं बोलाय लागला की डावी भिवई उडती तुमची. आत्ता उडली बघा."

वीस वर्षं खोटं बोलताना माझी भिवई जागची हलली नव्हती. खरं बोलताना उडाली.

मी घरी आलो तर मुलगी आरशासमोर उभी. केस विंचरलेले, अंगावर लग्नातली हिरवी साडी. दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं बॅगेतून चांगलं काही काढलं होतं.

"कुठं?" बायकोनं विचारलं.

"काकीकडं. हळदीकुंकवाला. बोलावणं आलंय."

"नको जाऊ. ऊन हाय."

"पाच वाजल्यात, आई. आन् चार बाया भेटतील. ह्या घरात बसून मला येड लागंल."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. आत्ता सांगा, असं ती नजर म्हणत होती. मी सांगायला पाहिजे होतं. दारात आडवं होऊन सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "साडी झकास दिसती." ती गेली. बायकोनं दुसरी साडी नेसायला घेतली आणि तिच्या मागं निघाली.

मी ओट्यावर बसलो. आमच्या आणि वहिनींच्या ओसरीमध्ये एक भिंत, आणि तिला वर हातभर झरोका. बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. पेले, पन्हं, हसणं. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जावई दिसला.

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात दोऱ्यानं बांधलेला मोठा पुडा होता. लांबूनच मला कळलं, कंदी पेढे. साताऱ्याचा माणूस तसा पुडा एकाच कारणानं हातात धरून चालतो. वाकून तो माझ्या पाया पडला.

"मामा, आईनं पाठवलंय. ती म्हणाली, आजच जा."

"बस," मी म्हणालो.

"कुठंय ती?"

"बस म्हणतो ना."

तो बसला. पुडा मांडीवर. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्याला हात लावायची माझी हिंमत होईना. झरोक्यातून आवाज आला, वहिनींचा: "पुढं ये गं पोरी, तुझी ओटी जरा भरभक्कम भरू दे औंदा."

आता वेळ नव्हता. मी सांगितलं. न सजवता, एका दमात, हैदराबादच्या विमानापासून ओठावरच्या बोटापर्यंत. तो आधी हसला. "मामा, तुमी बी!" मग माझं तोंड पाहून त्याचं हसू हळूहळू गेलं.

"म्हंजी... न्हाईच?"

"न्हाई."

तो पुड्याच्या दोऱ्याची गाठ चाचपत राहिला. भिंतीपलीकडं अजून हसणं चालू होतं. कुणीतरी म्हणालं, "पाच फळं घाला, पाच." आणि मग ते हसणं थांबलं. सुरी मारल्यासारखं. त्या शांततेत माझ्या लेकीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ती बोलली तेव्हा गल्लीतल्या कावळ्यांनीसुद्धा पंख मिटले.

"काकी, मला दिवस गेलेलं न्हाईत. तीन वर्सांत गेलं न्हाईत. कुणी सांगितलं तुमाला?"

मला वाटलं, आता माझं नाव येईल. माझ्या बायकोचा आवाज आला नाही. वहिनींचा आला नाही. अख्ख्या ओसरीला ठाऊक होतं कुणी सांगितलं ते.

"साधी ओटी भरा," मुलगी म्हणाली. "सगळ्यांची भरता तशी."

जावयानं ते ऐकलं. त्यानं मान खाली घातली, जेवताना घालत असेल तशीच. मी त्याच्याकडं पाहात होतो. मनात म्हणत होतो, बाबा, वर बघ.

ती घरी आली तेव्हा पदरात भिजवलेले हरभरे होते, आणि मागं तिची आई. दारात नवरा पाहून थबकली. मग पुडा पाहिला. तिला सगळं कळायला एक पळ पुरलं. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

"कशासाठी आलायसा?" तिनं त्याला विचारलं.

तो उभा राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की तो आता थाप शोधतोय. आठवण आली म्हणून, असलं काहीतरी. माझ्यासारखाच. मग तो म्हणाला, "ऐकलं म्हणून आलो. तुला दिवस गेल्यात, असं ऐकलं."

"खोटं हाय ते."

"कळलं आत्ता. मामांनी सांगितलं."

"मग आता?"

पुडा या हातातून त्या हातात गेला.

"पेढे आईनी दिल्यात न्हवं?" ती म्हणाली. "मग त्यांनाच परत द्या. आन् का परत आणलं ते त्यांना सांगा. ताटावर बसून सांगा, सगळ्यांसमोर. त्या इचारत्यात तसं. मग या."

"आत्ता जाऊ?"

"विट्याची गाडी हाय साडेसहाची. तिथनं साताऱ्याची मिळंल."

बायकोनं त्याला पाणी दिलं. तो उभ्यानंच प्यायला आणि पुडा घेऊन गेला. गल्लीतून जाताना तो पुडा काखेत लपवायला बघत होता, पण मोठा होता, मावत नव्हता.

पुढचे पाच दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, माझे कपडेही धुवायची. मी काही विचारलं की आईला सांगायची, "सांग त्यांना." दोन हात अंतरावर मी बसलेला असायचो. दुकानात मी त्या दिवसांत मालाला "बरा हाय" एवढंच म्हणायचो. व्यापाऱ्यांना वाटलं माल सडका आहे, कुणी बोली लावीना. मालकानं मला घरी जायला सांगितलं. घरी जाऊन काय करणार होतो?

गाड्यांच्या वेळा आम्हा तिघांनाही पाठ झाल्या. एकेक गाडी येऊन गेली की बायको उंबऱ्यावरून उठून आत जायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "येत न्हाई आता तो." मुलगी आत धान्य निवडत होती. सुपाचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

सहाव्या दिवशी दुपारी तो आला. हात मोकळे. शर्ट चुरगळलेला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?" ती दारातच उभी होती, त्याला आत येऊ देत नव्हती.

"परत इचारू नको म्हणून. ह्या घरात कुणीच इचारायचं न्हाई म्हणून."

"आन्?"

"आई बोलत न्हाई माझ्याशी. पाच दिस झालं. वडील बी बोलत न्हाईत."

"चालंल," ती म्हणाली. "तुमी बोलताय ना?"

आणि बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. बॅग मीच उचलली होती, ती नको म्हणाली नाही. गाडी लागली. ती खिडकीत बसली, जावई आत बॅग ठेवत होता. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोलली.

"आबा, मी परत येईन. एकटी येईन न्हाईतर दोघं येऊ. गल्ली इचारंल का आली, किती दिस ऱ्हाणार. काय सांगशीला?"

जिभेवर चार-पाच उत्तरं रांगेत उभी राहिली, एकापेक्षा एक सरस. मी ती गिळली.

"तिलाच इचारा म्हणीन."

तिनं मान हलवली. हसली नाही. गाडी हलली तेव्हा तिचा हात खिडकीच्या दांडीवर होता. तो तिनं वर केला की गाडीच्या हिसक्यानं उठला, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

घरी आलो तर वहिनी त्यांच्या पायरीवर उभ्या. त्या दिवसानंतर आमच्यात बोलणं नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही.

"गेली का लेक, भावजी?"

"गेली."

"आता कवा यायची?"

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो आणि आत गेलो.

संध्याकाळी त्या मागच्या दारानं आल्या आणि बायकोला हळूच विचारू लागल्या, "भावजींना बरं न्हाई का गं?"